खासगी रॉकेटांना सरकारचा पैसा: अनुदान की ऑर्डर?

एमआयडीसीकर (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा लहानसा कारखाना आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी मिलिंग मशीन आणि वडिलांच्या वेळचा एक साधा लेथ. साखर कारखान्यांचे शाफ्ट, पंपाचे सुटे भाग, लूमचे पार्ट अशी कामं करतो.

२०२४च्या उन्हाळ्यात एका ओळखीतून वेगळंच काम आलं. रॉकेट बनवणारी एक खासगी कंपनी आहे, नाव घेत नाही. त्यांच्या इंजिन चाचणीच्या स्टँडला लागणारे, नळ्या जोडणारे फ्लँज आणि कपलिंग करून द्यायचे होते. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, वीस मायक्रॉन. प्रत्येक नगाला मोजमापाचा रिपोर्ट आणि मटेरियलचा दाखला हवा. पहिले चार नग बाद झाले, ते माझ्या खर्चात गेले. पाचवा पास झाला तेव्हा माझ्या ऑपरेटरने कारखान्यात पेढे वाटले. त्याच्या घरी अजून त्या नगाचा फोटो लावलेला आहे.

बिल मात्र अडकलं. फोन केला की एकच उत्तर, "सर, पुढचं फंडिंग आलं की लगेच." चौथा महिना चालू असताना, ऑक्टोबरात, पेपरात बातमी आली: अंतराळातल्या स्टार्टअपसाठी केंद्र सरकारचा एक हजार कोटींचा निधी मंजूर. मी बातमी कापून ऑफिसात लावली आणि तीन महिने वाट पाहिली. पैसे सातव्या महिन्यात मिळाले, तेही दोन हप्त्यांत.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. खासगी कंपन्यांनी रॉकेट उडवावीत यासाठी सरकारने आपला, म्हणजे करदात्यांचा, पैसा द्यावा का? मला वाटतं द्यावा. पण तो कोणत्या वाटेने दिला जातो यावर सगळं अवलंबून आहे. तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा.

अशोक चौक
रविवार, रात्री ९.४८

अण्णा, तुमचं काम वाचून आनंद वाटला. पण मी उलट बाजूचा आहे, आणि का ते सांगतो.

माझी आई जन्मभर विड्या वळली. वडिलांचे चार पॉवरलूम होते, चादर आणि टॉवेलचे. आमच्या गल्लीत आजही नळाला रोज पाणी नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी बायका पाण्याच्या दिवसाची वाट बघायलेत. अशा शहरातल्या माणसाला विचारा, एक हजार कोटी कुठं द्यायचे. तो रॉकेट म्हणणार नाही.

आणि सरकारी मदतीचा अनुभव आम्हाला आहे. १९९९ साली कापड धंद्यासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, आम्ही तिला टफ म्हणायचो. नवीन यंत्राच्या कर्जावर व्याजात पाच टक्के सवलत. वडिलांनी, काकांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी कर्ज काढून यंत्रं घेतली. माल निघाला ढिगानं, पण गिऱ्हाईक तेवढंच होतं. भाव पडले. यंत्र विकणाऱ्याचे पैसे सुटले, बँकेचे सुटले, आमच्यावर हप्ते राहिले. वडिलांनी चारातले दोन लूम भंगारात घातले, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रॉकेटवाल्यांचं वेगळं काय होणार? पैसा यंत्राला मिळेल, माणसाला नाही.

होटगी रोड
रविवार, रात्री १०.०५

वाचतोय. चांगला विषय.

एक आपल्या गावातलं उदाहरण. सोलापूर-मुंबई विमान सुरू व्हावं म्हणून राज्य सरकारने खासगी विमान कंपनीला तूट भरून द्यायचं ठरवलं, म्हणून ऑक्टोबर २०२५मध्ये ते सुरू झालं. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना तपासणीला मुंबईला न्यायचं होतं, त्या विमानाचा उपयोग झाला. पण ही मदत थांबल्यावर विमान उडेल का? रॉकेटलाही हाच प्रश्न लागू आहे असं मला वाटतं.

निळं आकाश
रविवार, रात्री ११.३०

एमआयडीसीकर दादा, मी तुमच्याच गावची. अशोक चौकातल्या वालचंद इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल केलं, आता बंगळुरूला उपग्रहांच्या कामात आहे. तुमचा पाचवा नग पास झाला ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या टेबलावर जे पार्ट येतात त्यांच्या मागे असे चार बाद नग असतात, हे आम्ही विसरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बातम्यांमध्ये ती नीट येत नाही. तो एक हजार कोटींचा निधी अनुदान नाही. ते भागभांडवल आहे. इन-स्पेस, म्हणजे खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी आणि चालना देणारी सरकारी संस्था, तिच्या अखत्यारीतला हा निधी पाच वर्षांत साधारण चाळीस कंपन्यांमध्ये गुंतवायचा आहे, एका कंपनीत दहा ते साठ कोटी. कंपनी मोठी झाली तर सरकारचा हिस्सा वाढतो, बुडाली तर पैसा बुडतो. त्याच्या जोडीला २०२५च्या सुरुवातीला पाचशे कोटींचा तंत्रज्ञान अंगीकार निधी आला. त्यात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रकल्पाच्या खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत मदत आहे. लघुउद्योग म्हणजे तुमच्यासारखेच कारखाने, दादा.

आता अशोक चौकदादांचा मुद्दा. टफची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, कारण अमेरिकेत जे जमलं ते नेमकं याच्या उलट करून जमलं.

नासाने २००६मध्ये एक प्रयोग केला. अंतराळ स्थानकावर सामान पोचवायला स्वतः रॉकेट बनवण्याऐवजी खासगी कंपन्यांना सांगितलं: तुम्ही बनवा, आम्ही टप्प्याटप्प्याने पैसे देऊ. आराखडा पास झाला की इतके, इंजिनाची चाचणी झाली की इतके, उड्डाण झालं की इतके. दोन कंपन्या निवडल्या, स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किसलर. किसलरला २० कोटी ७० लाख डॉलर मिळायचे होते. त्यांना ठरल्याप्रमाणे बाजारातून स्वतःचं भांडवल उभं करता आलं नाही, टप्पा चुकला. नासाने २००७मध्ये करार संपवला. तोपर्यंत दिले होते सुमारे ३ कोटी २० लाख. बाकीचे वाचले, आणि ते दुसऱ्या कंपनीला देऊन नवी निवड झाली.

स्पेसएक्सचीही अवस्था बरी नव्हती. त्यांचं पहिलं छोटं रॉकेट फाल्कन-१ लागोपाठ तीनदा कोसळलं. चौथं २८ सप्टेंबर २००८ला कक्षेत गेलं. त्याच डिसेंबरात नासाने त्यांना स्थानकावरच्या बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरची ऑर्डर दिली. कंपनी वाचली ती या ऑर्डरमुळे. पुढे नासाने स्वतः हिशेब करून पाहिला: फाल्कन-९ला कंपनीने सुमारे ३० कोटी डॉलर खर्च केले होते, तेच नासाच्या नेहमीच्या पद्धतीने केलं असतं तर अनेक पटींनी जास्त लागले असते.

म्हणजे यंत्र घ्यायला व्याज सवलत दिली नाही, मालाला गिऱ्हाईक दिलं. सोलापूरच्या लूमवाल्यांना कुणीतरी "दरवर्षी इतके टॉवेल सरकारी रुग्णालयांसाठी, रेल्वेसाठी, या दराने, या दर्जाचे घेऊ" अशी पाच वर्षांची ऑर्डर दिली असती तर तुमचे वडील भंगारात लूम घालायला गेले असते का?

अशोक चौक
सोमवार, सकाळी ७.२०

ताई, तुमचं शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. खरं आहे. ऑर्डर असती तर वडिलांचे लूम राहिले असते.

तरी माझा प्रश्न तसाच आहे. ती ऑर्डर पहिल्यांदा रॉकेटला का, टॉवेलला का नाही?

बाळीवेस
सोमवार, सकाळी १०.१५

मी निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवला. माझं मत सांगण्याआधी आपल्या मातीतली एक गोष्ट सांगतो, कारण ही चर्चा ऐंशी वर्षांपूर्वी एका सोलापूरकराच्या बाबतीत होऊन गेली आहे.

वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात वरच्या ताई शिकल्या ते. आधी रेल्वेची कंत्राटं, मग १९१९मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, आणि डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना. देशात विमान बनत नव्हतं. खासगी माणसाने जोखीम घेतली, पण एकट्याच्या बळावर नाही. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवल दिलं. १९४१मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकार भागीदार झालं आणि त्याच सरकारने विमानांची मागणी नोंदवली. १९४२मध्ये युद्ध अंगावर आलं, तेव्हा सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. तोच पुढे १९६४मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला, आपण ज्याला एचएएल म्हणतो.

आणि जून २०२५मध्ये इस्रोच्या छोट्या रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, तंत्रज्ञान उद्योगाला द्यायचं ठरलं तेव्हा ५११ कोटींची बोली लावून ते कुणी घेतलं? एचएएलने. वालचंदांनी लावलेल्या रोपाने.

सोलापूरहून पुण्याला जाताना इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागतं. साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. तिथल्या कारखान्याने इस्रोसाठी पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे मोटर केसिंग, म्हणजे इंधनाचं कवच, बनवले, मॅराजिंग या अतिशय मजबूत पोलादाचे, पावणेतीन मीटरहून जास्त व्यासाचे. उसाच्या चरकापासून रॉकेटपर्यंतचा हा प्रवास इस्रोने वर्षानुवर्षे दिलेल्या कामामुळे झाला. म्हणून मी ताईंशी सहमत आहे: कारखाना घडतो तो सततच्या कामाने.

पण विरोधाची बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. सरकार आणि खासगी अंतराळ कंपनी यांचा व्यवहार आपल्याकडे एकदा वाईट बिघडला आहे. २००५मध्ये इस्रोच्या अँट्रिक्स या व्यापारी कंपनीने देवास कंपनीशी उपग्रहाच्या ध्वनिलहरींचा करार केला, २०११मध्ये सरकारने तो रद्द केला, मग परदेशात लवाद, कोट्यवधी डॉलरच्या नुकसानभरपाईचे निवाडे. शेवटी जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवास ही फसवणुकीसाठी उभी राहिलेली कंपनी आहे हे मान्य करून ती गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला. सतरा वर्षं गेली. करार कुणी तपासला, कुणी सही केली, हे उघड नसलं की काय होतं याचा हा धडा आपण पैसे मोजून घेतला आहे.

निळं आकाश
सोमवार, दुपारी १.०५

सर, वर "ध्वनिलहरी" झालं आहे, तिथे रेडिओ लहरी, स्पेक्ट्रम, असं हवं. बाकी तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

बाळीवेस
सोमवार, दुपारी १.३०

बरोबर आहे ताई. एस-बँडच्या रेडिओ लहरी. दुरुस्तीबद्दल आभार.

मंगळवेढा ज्वारी
सोमवार, रात्री ८.४०

मी शेतकरी माणूस, चाळीस एकर कोरडवाहू. मला रॉकेटपेक्षा त्यातून वर गेलेल्या उपग्रहात रस आहे, म्हणून लिहितो.

२०१८ आणि २०१९ला पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने सोलापुरात पाऊस वाढावा म्हणून ढगांत विमानाने क्षाराचे कण सोडण्याचा प्रयोग केला. केगावला रडार बसवलं होतं. आमच्याकडे लोक रोज वर बघायचे. नंतर शास्त्रज्ञांनी लिहिलं की प्रयोगाच्या भागात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. तो सगळा सरकारी पैसा होता आणि त्याचे निष्कर्ष सगळ्यांना वाचायला खुले आहेत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता पीक विम्यातसुद्धा उत्पन्नाचा अंदाज उपग्रहाच्या चित्रावरून धरायला सुरुवात झाली आहे. माझ्या ज्वारीच्या रानाचं चित्र वरून काढणारा उपग्रह उद्या खासगी कंपनीचा असेल. मग ते चित्र कुणाचं? विमा कंपनी ते विकत घेईल, माझ्या विरुद्ध वापरेल, आणि मला मात्र बघायला मिळणार नाही, असं होऊ नये. सरकारचा एक रुपया जरी त्यात असेल तर माझ्या गटाचं चित्र मला फुकट मिळालं पाहिजे. ही एकच अट मला घालायची आहे.

निळं आकाश
सोमवार, रात्री १०.५०

काका, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ऑगस्ट २०२५मध्येच पिक्सेल या उपग्रह कंपनीच्या नेतृत्वाखाली चार भारतीय कंपन्यांच्या गटाची निवड झाली आहे. बारा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह, गुंतवणूक बाराशे कोटींहून जास्त, तीही कंपन्यांची. सरकारही यात एक गिऱ्हाईक असेल. म्हणजे पीक, पूर यांची माहिती पुढे सरकार कंपनीकडून घेणार. ती घेताना परवाना कसा लिहिला जातो यावर तुमचा हक्क ठरेल: माहिती फक्त खात्याने वापरायची की शेतकऱ्यालाही द्यायची. हे आत्ता, सुरुवातीलाच मागायला हवं.

होटगी रोड यांचा विमानाचा प्रश्न राहून गेला. मदत थांबल्यावर काय, याचं एक दुःखद उदाहरण अमेरिकेतच आहे. न्यू मेक्सिको हे तिथलं गरीब राज्य. त्यांनी सुमारे २२ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा घालून वाळवंटात अंतराळ विमानतळ बांधला. आसपासच्या दोन काउंटींतल्या (तिथल्या जिल्ह्यांतल्या) लोकांनी त्यासाठी स्वतःवर वाढीव विक्रीकर मान्य केला, मतदान करून. सगळी भिस्त श्रीमंत पर्यटकांना वर नेणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिकवर. प्रवाशांची व्यावसायिक उड्डाणं सुरू व्हायला २०२३ उजाडलं, आणि जून २०२४मध्ये नवं यान बनेपर्यंत ती थांबवली. तिथे नासासारखी ठरावीक काम विकत घेण्याची गोष्ट नव्हती. आधी इमारत उभी केली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहिली. अशोक चौकदादा, हीच तुमची टफ.

अशोक चौक
मंगळवार, सकाळी ६.५५

त्या दोन काउंटीतल्या लोकांबद्दल वाईट वाटलं. ते आमच्यासारखेच असतील.

माझा विरोध अजून आहे. पण आता तो रॉकेटला कमी आणि आधी पैसे देण्याच्या पद्धतीला जास्त आहे, एवढं कबूल करतो. पाण्याचं मात्र सोडणार नाही. उजनीच्या पाइपलाइनला टप्प्याटप्प्याने पैसे आणि काम चुकलं तर करार रद्द, असं का होत नाही?

होटगी रोड
मंगळवार, सकाळी ९.३०

शुभांशू शुक्ला २०२५च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले, ते खासगी कंपनीच्या मोहिमेतून, खासगी यानातून. त्यासाठी आपल्या सरकारने सुमारे साडेपाचशे कोटी खर्च केल्याचं वाचलं. तेही सरकारी पैशाचं खासगी उड्डाणच ना?

निळं आकाश
मंगळवार, दुपारी १२.४०

होय, आणि ती सरळ खरेदी आहे. गगनयानाआधी आपल्या माणसाला प्रत्यक्ष अनुभव हवा होता, तो विकत घेतला. स्पेसएक्सच्या ज्या ड्रॅगन यानातून ते गेले, त्याची माणसं नेणारी आवृत्ती नासाच्या २०१४च्या करारातून तयार झाली. ठोक, म्हणजे आधीच ठरलेली, न वाढणारी किंमत: बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. जास्त पैसे मिळालेल्या बोइंगचं यान २०२४मध्ये सुनीता विल्यम्स यांना घेऊन गेलं आणि बिघाडामुळे रिकामं परत आलं. सुनीताताई मार्च २०२५मध्ये ड्रॅगनमधून परतल्या. करार ठोक किमतीचा होता, त्यामुळे बोइंगचा वाढलेला कोट्यवधी डॉलरचा खर्च मुख्यतः कंपनीलाच सोसावा लागला. आणि दोन पुरवठादार ठेवले होते म्हणून एक अडला तेव्हा दुसरा होता. आपल्याकडेही हैदराबादची स्कायरूट आहे, जिने नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम-एस उडवलं, आणि चेन्नईची अग्निकुल आहे, जिने मे २०२४मध्ये थ्रीडी छपाईने बनवलेल्या इंजिनाचं रॉकेट उडवलं. दोघींना काम मिळालं पाहिजे, एकीलाच नको.

एमआयडीसीकर (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. बाळीवेस सर, वालचंदांची गोष्ट मी मुलाला वाचून दाखवली. तो आता विचारतोय की वालचंदनगरला आत जाऊन बघता येईल का.

ताईंनी नासाचे टप्पे सांगितले. माझं म्हणणं त्यापुढचं आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. सरकारने कंपनीला टप्प्याला पैसे दिले तरी कंपनी तिच्या खालच्या कारखान्याला तसे देईलच असं नाही. इंजिनाची चाचणी पास झाली तर कंपनीचा टप्पा पूर्ण, तिला पैसे. पण त्या चाचणीच्या स्टँडवरचे फ्लँज माझे, त्यांचं बिल सात महिने पडून. मग तो टप्पा खरंच पूर्ण झाला का?

लघुउद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा २००६पासून आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. पण नवीन गिऱ्हाईक तुटेल या भीतीने आमच्यातला कुणी तक्रार करत नाही. मीही केली नाही. म्हणून माझी मागणी अशी: ज्या कंपनीत सरकारी निधी जातो किंवा जिला सरकारी ऑर्डर मिळते, तिने पुढचा हप्ता मागताना खालच्या सगळ्या उद्यम नोंदणीधारक (सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंदलेल्या) पुरवठादारांची बिलं चुकती केल्याचा दाखला जोडावा. सनदी लेखापालाच्या सहीचा. एक कागद. तो नसेल तर हप्ता नाही.

अशोक चौकभाऊ, उजनीच्या पाइपलाइनलाही हाच कागद लावा.

बाळीवेस
बुधवार, सकाळी १०.००

ही मागणी लिहून काढा. भाषा मी तपासून देतो. इन-स्पेसला आणि आपल्या खासदारांना दोन्हीकडे पाठवू. मंगळवेढेकरांची चित्राची अटही त्यातच घालू.

अशोक चौक
बुधवार, दुपारी २.१५

सही करायला मी येतो. पाण्याची मागणी वेगळ्या कागदावर, ती मी लिहितो.

एमआयडीसीकर (धागाकर्ता)
गुरुवार, रात्री ११.२०

मसुदा बाळीवेस सरांना पाठवला आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. आज दुपारी त्याच कंपनीतून फोन आला. बिलं पास करणारा मुलगा बदलला आहे म्हणाले. नवीन काम आहे, इंजेक्टरच्या (इंजिनात इंधन सोडणाऱ्या भागाच्या) भोवतीची एक रिंग, इनकोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूची. हे मटेरियल मी आयुष्यात कापलेलं नाही. टूल पटापट झिजतात असं ऐकलं आहे. मी म्हटलं, चाळीस टक्के आगाऊ आणि परचेस ऑर्डरवर पंचेचाळीस दिवस छापून द्या. थोडं थांबून "हो" म्हणाले.

ऑर्डर संध्याकाळी मेलवर आली, दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत. ड्रॉइंग कारखान्यात टेबलावर पसरून ठेवलं आहे. ऑपरेटर घरी गेलेला नाही, कटिंग स्पीडचा तक्ता बघत बसला आहे. इथे कुणी इनकोनेलवर काम केलं असेल तर कोणता इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) वापरता ते कृपया कळवा. उद्या सकाळी पहिला कट घेणार आहोत.